खुंट्या घरीच राहिल्या

भाऊ : तीन आठवडे झाले ताई, घरात दुसऱ्या कशावर एवढं बोलणं झालंय का, सांग. मागच्या मे महिन्यात आपण सगळे महाबळेश्वरला गेलो होतो. तीन रात्री, हॉटेल चांगलं, नाश्ता वेळेवर, सगळं जिथल्या तिथे. त्यातलं काय आठवतं तुला? मला फक्त बिल आठवतं. आणि भंडारदऱ्याची ती एक रात्र बघ. घरी राहिलेल्या खुंट्या, भिजलेली पांघरुणं, न पेटलेला स्टोव्ह, पोरांना सगळं तोंडपाठ आहे. धाकटीने शाळेत बाईंना इतक्या वेळा सांगितलं की बाईंनी मला गेटवर थांबवून विचारलं, खरंच का हो असं झालं? म्हणून मी म्हणतो, ठरल्यातलं काही झालं नाही हीच त्या सहलीची कमाई. सगळं ठरल्यासारखं झालं असतं तर एव्हाना ती सहल फोनच्या गॅलरीत तळाला जाऊन पडली असती.

ताई : लक्षात राहिलं म्हणजे चांगलं होतं, हा हिशोब कुठला? माझी अक्कलदाढ काढली तो दिवसही मला मिनिटामिनिटाने आठवतो. पुन्हा काढून घ्यावीशी वाटत नाही. आणि तुझी गोष्ट दर सांगण्यागणिक गुळगुळीत होत चाललीय, तेव्हा काय झालं ते एकदा नीट मांडू. पहाटे साडेपाचला निघायचं होतं, पावणेनऊला निघालो. चाकणला दीड तास गाड्या जागच्या हलल्या नाहीत. आळेफाट्याला मिसळ, मग संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. तुझ्या एक्सेलच्या तक्त्यात तीनपर्यंत रंधा धबधबा, धरण आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, तिन्ही उरकून झालेली होती. प्रत्यक्षात 1926 साली पुरं झालेलं ते धरण आपण गाडीच्या काचेतून बघितलं. कळसूबाई, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर, समोर उभं असून ढगात दिसलंच नाही. तिथल्या एका बाबांच्या शेतात पाण्याकाठी जागा मिळाली, तिथे टेंट उघडल्यावर कळलं की मोठ्या टेंटच्या खुंट्यांची पिशवी पुण्यात जिन्यातच राहिलीय. लहान टेंटच्या होत्या, त्या मुरमात दुसऱ्या ठोक्याला वाकल्या. साडेचारला पाऊस, सातला कापडातून पाणी, साडेआठला आईसकट आठ माणसं दुसऱ्याच्या पडवीत. दुसऱ्या दिवशी मृग लागत होता. मृगाच्या तोंडावर घाटमाथ्यावर तंबू ठोकायला निघालेल्या माणसाला आपले आजोबा काय म्हणाले असते, ते मी आईसमोर बोलणार नाही.

भाऊ : तारखेबद्दल मात्र ऐकून घेणार नाही. काजवे बघायला निघालो होतो आपण, आणि काजवे काय आपल्या सुट्ट्या बघून येतात? मे संपता संपता दिसायला लागतात आणि जून निम्मा झाला की संपतात. पाऊस उंबऱ्यावर आलेला हवा, पण आत शिरलेला नको. एवढ्या बारक्या फटीत जायचं म्हटल्यावर पाऊस गाठणारच, हे धरूनच निघायला हवं. मी नाही धरलं, ती माझी चूक. तक्त्यात पावसासाठी रकाना नव्हता. पण गुळगुळीत होण्याचं म्हणशील तर होऊ दे की. तेवढ्याने ती गोष्ट खोटी कशी ठरते?

ताई : खोटी नाही, पण सोयीची होते. 1997 साली टेरेन्स मिचेल, ली थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला होता. त्यात त्यांनी तीन आठवडे कॅलिफोर्नियात सायकलवर हिंडणाऱ्या लोकांना सहलीआधी, सहल चालू असताना आणि परत आल्यावर, असं तीनदा विचारलं. निघायच्या आधी सगळं छान वाटत होतं. परत आल्यावरही छान झाली सहल. मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष सायकलवर बसलेले असताना, तेवढं छान नव्हतं. पुढच्या वर्षीची तिकिटं काढताना आपण ज्या माणसाला विचारतो तो परत आलेला असतो, सायकलवरच्याला कोणी विचारत नाही. त्या रात्री साडेआठला, पडवीच्या कडेला ओले मोजे पिळत बसलेला असताना तू मला काय म्हणाला होतास? 'ताई, परत कधी मी असलं काही काढलं तर मला जोड्याने मार.' तो माणूस कुठे गेला? त्याची साक्ष का नाही काढायची?

भाऊ : काढ ना. पण मग कैरीची साक्ष काढून लोणच्यावर खटला भर. आईने परवाच बरणी भरली. आज खाल्लंस तर मीठ वेगळं, मोहरी वेगळी, कैरी कचाकच आंबट. दिवाळीत काढलंस की सगळं एक झालेलं. म्हणून लोणचं कैरीबद्दल खोटं बोलतं असं म्हणतो का आपण? मुरणं हा त्याचा भागच आहे. तसं सहलीचंही असतं, ती घरी आल्यावर वर्षभर मुरते. आणि मुरायला आत काहीतरी आंबट लागतं, महाबळेश्वरात ते नव्हतं.

बरं, आठवणींचं राहू दे. त्या वेळचंच बोलू. तक्ता माझा होता, कबूल. गाडीत बसून तुम्ही सगळे माझ्या तक्त्यातली माणसं होतात. कोणाला काही करायचं नव्हतं, फक्त मी सांगेन तिथे उतरायचं आणि फोटोला उभं राहायचं. खुंट्या नाहीत म्हटल्यावर पहिल्यांदा प्रत्येकाला काहीतरी काम मिळालं. दाजी, जे घरी बल्ब बदलायला माणूस बोलावतात, ते बाबांकडून पहार आणि कोयता घेऊन बांबूच्या खुंट्या तासत बसले. तुझा मुलगा, ज्याच्या कानातून ती हेडफोनची बोंडं रात्रीसुद्धा निघत नाहीत, त्याने ताण-दोरीला दगड कसा बांधायचा ते बाबांच्या नातवाकडून शिकून घेतलं. बाबांनी दाखवलं, टेंटचं तोंड चढाकडे नको, वरच्या अंगाला चर काढा, बाहेरचं कापड आतल्याला चिकटलं की तिथून पाणी झिरपणारच. तासभर का होईना, आपण सगळे एकाच गोष्टीला हात लावून उभे होतो. माझा बेत माझ्या एकट्याचा होता, फजिती मात्र सगळ्यांची झाली. याला तू काहीच म्हणणार नाहीस?

ताई : म्हणेन. तू 'सगळ्यांची' म्हणतोस तेव्हा कोणाकोणाला मोजतोस ते विचारेन. दाजींच्या खुंट्यांचा व्हिडिओ आहे. चर काढतानाचे पोरांचे फोटो आहेत. त्याच तासात तुझी बायको गाडीच्या डिकीत वाकून आठ जणांचे कोरडे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत बांधत होती, कारण पाऊस येणार हे तिने बाबांच्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. त्याचा फोटो नाही. रात्री सगळ्यांच्या अंगावर कोरडे कपडे होते ते त्यामुळे. स्टोव्ह पेटला नाही, गॅसचा डबा दुसऱ्याच तोंडाचा निघाला, त्यावर तुम्ही अर्धा तास हसत होतात. मी हसत नव्हते, कारण आईची शुगरची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते आणि सात वाजून गेले होते. फजिती सगळ्यांची झाली, बरोबर. पण तिची गंमत व्हायची तर कोणीतरी ती आधी झेलावी लागते. झेलणारे आणि हसणारे वेगळे असले की हसणाऱ्यांना वाटतं, फजितीतच गंमत असते.

आळेफाट्याच्या पुढे आपल्याला ते धनगरांचं बिऱ्हाड दिसलं, आठवतं? पाऊस येतोय म्हणून देशाकडे परत निघालेलं. पुढे मेंढरं, मागे घोड्यांवर सगळा संसार, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एक कुत्र्याचं पिल्लू. तू गाडी थांबवून फोटो काढलास आणि म्हणालास, 'हे खरं कॅम्पिंग.' ती लगाम धरलेली बाई वर्षातून आठ महिने रोज नव्या माळावर वाडा उभारते आणि सकाळी मोडते. तिच्या सामानात एकही खुंटी जास्तीची नसते आणि एकही विसरलेली नसते. विसरली तर त्याची गोष्ट होत नाही, पोर भिजतं. आपल्याला विसरणं परवडतं म्हणून त्याला आपण अनुभव म्हणतो.

भाऊ : ते परवडतं, हे मला मान्यच आहे. हौस म्हणजेच परवडणं. पोटासाठी डोंगर चढणारा आणि हौसेने चढणारा यांच्यात फरक आहे म्हणून हौसेने चढायचंच नाही, असं तर तूही म्हणणार नाहीस. आणि फजितीचा आनंद हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. जेरोम के. जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट' 1889 सालचं. तिघे मित्र टेम्स नदीत होडीने निघतात आणि काही म्हणजे काही ठरल्यासारखं होत नाही. मजा म्हणजे त्याला मुळात लिहायची होती नदीकाठच्या गावांची, इतिहासाची माहिती देणारी गंभीर मार्गदर्शिका. फजितीचे प्रसंगच इतके वाढले की इतिहास बाजूला पडला. तक्ता त्याचाही फसला, आणि फसला म्हणूनच सव्वाशे वर्षांहून जास्त काळ पुस्तक टिकलंय.

ताई : चांगलं उदाहरण दिलंस. आता त्याचा दुसरा अर्धा भाग ऐक. जेरोम त्या नदीवर हिंडला तो त्याच्या मधुचंद्राला. परत आल्या आल्या पुस्तक लिहायला घेतलं आणि त्यात बायकोच्या जागी दोन मित्र बसवले. मित्र खरे होते, पण त्या वेळी नदीवर ती होती. आणि कुत्राही घातला, जो नव्हताच. पुस्तकात कुत्र्याला जागा मिळाली. तिला नाही.

भाऊ : हे मला माहीत नव्हतं.

ताई : कोणालाच नसतं.

(लिहिणाऱ्यालाही ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा ते पुस्तक काही दिवस मिटून ठेवावं लागलं होतं. नंतर पुन्हा उघडलं. हसू तेवढंच आलं, हेही नोंदवायला हवं.)

भाऊ : मग तुझं म्हणणं काय, जायचंच नाही? की पाण्याकाठी त्या तयार टेंटांच्या रांगा असतात तिथे जायचं? माणशी ठरावीक पैसे, गादी घातलेली, संध्याकाळी भजी, रात्री शेकोटी आणि स्पीकरवर गाणी. कोणाला काही झेलावं लागत नाही. आपल्या शेजारच्या काठावर होतंच ना तसं एक. रात्री पावसातही त्यांची गाणी चालू होती. तिथे तुझ्या न्यायाने सगळं बरोबर आहे. काम करणारे पगारी, हसणारे गिऱ्हाईक. पण तिथल्या लोकांना त्या बाबांच्या घरात पाय ठेवावा लागला नाही. आपल्याला लागला.

ताई : लागला ना. तेच मला अजून बोचतंय. आपण त्या घरात शिरलो तेव्हा काय बघितलंस तू?

भाऊ : चूल. पडवीत टांगलेला कंदील, कारण वीज गेली होती. आणि आजींनी काही न विचारता भाकरी थापायला घेतल्या ते.

ताई : मी गोण्या बघितल्या. पडवीच्या एका कोपऱ्यात भाताचं बियाणं रचून ठेवलेलं होतं, खाली फळ्या, वर ताडपत्री. राब भाजून तयार होते, पहिला चांगला पाऊस झाला की त्यात बी टाकायचं. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांची पेरणी, वर्षाचं सगळ्यात मोठं काम. घरात कोरडी जागा एवढीच, ती त्यांनी बियाण्यासाठी राखून ठेवली होती. आपण आठ जण ओल्या अंगाने आलो म्हणून त्यांच्या सुनेने त्या गोण्या एकटीने आत स्वयंपाकघरात ओढून नेल्या आणि चुलीच्या धगीपासून लांब सरकवत बसली. आपला बेत फसला, कारण आपण पिशवी विसरलो. त्यांचा बेत फसला, कारण आपण आलो. तुझ्या गोष्टीत ते घर आपल्याला वाचवायला उभं असतं. त्यांच्या गोष्टीत आपण काय असू, याचा विचार केलायस कधी?

भाऊ : केलाय. म्हणून सकाळी पैसे दिले. त्यांनी शेताच्या जागेचे घेतले, रात्रीचे घेतले नाहीत. आजी म्हणाल्या, पाहुण्याचं काय मोजायचं. मी आग्रह केला तेव्हा बाबा जरा रागावलेच. मग मला कळेना, पैसे पुढे करणं हे बरोबर की चूक. अजून कळलेलं नाही. पण त्या घरात अजून एक झालं, त्याबद्दल तू अवाक्षर काढत नाहीस. आपली आई त्या आजींजवळ चुलीपुढे बसून दोन तास बोलली. राबाला कुठला पालापाचोळा चांगला, नागली कधी लावायची, तिच्या माहेरी ओतूरला पाऊस लांबला की पोरं गावभर काय मागत फिरायची. आपण दोघांनी यातलं कधी ऐकलं होतं? सदाशिव पेठेतल्या घरात तिचं सलग दोन तास कोण ऐकतं? तू शाळेच्या वह्या तपासतेस, मी लॅपटॉपवर असतो, पोरं आपल्या खोल्यांत. तिला त्या रात्री ऐकणारं माणूस मिळालं ते टेंट गळला म्हणून. हे कुठल्या तक्त्यात लिहून घडवून आणणार होतीस?

ताई : हे मात्र खरं. हुलग्याचं पिठलं आणि नागलीची भाकरी खाताना ती जशी बसली होती, मांडी घालून, पाठ ताठ, तशी मी तिला पुष्कळ दिवसांत बघितली नव्हती. गुडघे दुखतात म्हणून एरवी खुर्चीशिवाय बसत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की ते दोन तास टेंट गळल्यामुळे मिळाले की आपल्या सगळ्यांच्या फोनला रेंज नसल्यामुळे, ते ठरवायला हवं. रेंज घरीही बंद करता येते.

भाऊ : येते. करतो का आपण?

ताई : नाही.

भाऊ : बरं, तुझ्या बाजूचं एक मीच बोलतो. ज्याच्यासाठी गेलो ते काही दिसलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. बाकी सगळ्याची गंमत करता येते, त्याची नाही. पोरांना महिनाभर सांगत होतो, काजवा म्हणजे माशी नाही, भुंग्याच्या जातीचा किडा आहे. अळी असताना गोगलगायी खातो. पंख फुटल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा असतो. नर चमकतो, मादीला पटलं तर ती उलट चमकून सांगते. धाकटीने चित्र काढलं होतं, सादड्याचं झाड आणि त्यावर पिवळे ठिपके. आणि तिला मी दाखवलं काय? संध्याकाळी घाटघरच्या रस्त्यावर एकामागे एक लागलेल्या गाड्यांचे दिवे.

ताई : त्यात आपल्याही दोन होत्या. नर चमकतो, मादी उत्तर देते, हे सगळं अंधारावर चालतं. त्यात माणसांनी हेडलाइट मारले की समोरचा दिसणार कसा? जो अंधार बघायला एवढ्या लांब गेलो, तो आपणच नासवत होतो. दाजी म्हणालेही, दिवे बंद करून थांबू. मागच्याने हॉर्न मारला म्हणून तू पुढे निघालास.

भाऊ : हो. त्यात पाऊसही. म्हणून म्हणतो, काजवे दिसले नाहीत ती एक गोष्ट माझ्या खात्यावर लिही.

ताई : दिसले.

भाऊ : काय?

ताई : मला आणि आईला दिसले. रात्री पावणेबाराला. तुम्ही सगळे घोरत होतात. पाऊस थांबला होता. आईला बाहेर जायचं होतं. अंगणातल्या पत्र्याच्या संडासात बल्ब होता पण वीज नव्हती, आणि आत चिखल. म्हणून तिला घेऊन बांधाच्या आडोशाला गेले. सुनेने युरियाच्या गोणीच्या दोन खोळी दिल्या होत्या, त्या डोक्यावर. मोबाइलचा दिवा लावला तर आई म्हणाली, 'बंद कर बाई, लाज वाटते.' बंद केला. पहिल्यांदा वाटलं माझ्याच डोळ्यांपुढे काहीतरी येतंय, दिवसभराचा शीण. मग बांधापलीकडचं झाड दिसलं. दिसलं म्हणजे कसं, एकदम आख्खं उजळायचं, पार शेंड्यापर्यंत, आणि एकदम विझायचं. विझलं की तिथे झाड नव्हतंच. पुन्हा उजळलं की पुन्हा होतं. त्याच्या मागचं झाड थोडं उशिराने. गाण्यांचा आवाजही त्या वेळी थांबला होता, नुसतं पानांवरून पाणी गळत होतं. आईला बसल्यावर उठायला माझे दोन्ही हात लागतात. मी हात पुढे केले तर म्हणाली, 'थांब, एवढ्यात नको उठवू मला.' एक काजवा येऊन माझ्या मनगटावर बसला. चटका बसेल असं वाटून मी हात झटकला. चटका कसला, ऊबसुद्धा नव्हती.

भाऊ : आणि मला उठवावंसं वाटलं नाही तुला?

ताई : आईला आडोशाला बसवलेलं असताना?

भाऊ : नंतर. पाच मिनिटांनी. पोरांना तरी.

ताई : नंतर ढग आला, सर आली, मी तिला घेऊन आत पळाले. खरं सांगायचं तर उठवायचं डोक्यातच आलं नाही. पहिल्यांदाच त्या दिवसात मी कोणासाठी काही करत नव्हते, नुसती उभी होते.

भाऊ : आणि गेले तीन आठवडे?

ताई : दुसऱ्या दिवशी तू गाडीत इतका हिरमुसून बसला होतास, सांगवेना. मग तू तुझी गोष्ट बांधायला घेतलीस आणि मग सांगावंसं वाटेना. सांगितलं असतं तर तू लगेच शेवटी जोडलं असतंस, 'आणि बघा, सगळं फसलं तरी काजवे दिसलेच!' आईचं ते बसणं, तिची लाज, सगळं तुझ्या सहलीच्या यशात जमा झालं असतं.

भाऊ : जमा केलं असतंच. का नको? टेंट गळला म्हणून पडवीत आलो, वीज गेली म्हणून अंधार होता, अंधार होता म्हणून काजवे. ठरल्यासारखं झालं असतं तर आई त्या बल्बच्या उजेडात गेली असती आणि तू बाहेर मोबाइल बघत उभी राहिली असतीस. तूच सांग, हे फसल्यामुळे मिळालं की नाही?

ताई : वीज जाणं हा अपघात होता. पावणेबाराला मी जागी असणं हा अपघात नव्हता. तो दरवर्षीचा आहे. महाबळेश्वरलाही रात्री मीच उठले होते. तिथे बाथरूमपर्यंत चार पावलं होती एवढाच फरक.

भाऊ : मग पुढच्या वर्षी मी जागा राहतो. तू झोप. तक्ता काढायचाच नाही, जे होईल ते होईल.

ताई : तक्ता नसला की न दिसणारी कामं कोणाकडे जातात ते आत्ता एवढा वेळ सांगितलं ना तुला? उलट तक्ता काढ. त्यात रंधा धबधबा नसला तरी चालेल. आईची गोळी कोण बघणार, कोरडे कपडे कोण बांधणार, रात्री तिच्याबरोबर कोण उठणार, हे लिही. पावसाचा रकाना घाल आणि त्याच्यापुढे तुझं नाव.

भाऊ : घालतो. पण ताई, एकदा लिहिलं की ती ड्युटी झाली. घड्याळ लावून पावणेबाराला उठणार, आईला नेणार, परत आणणार, खूण करणार. अशा माणसाला झाड दिसेल का? तुला दिसलं तेव्हा तुझ्या हातात कागद नव्हता.

ताई : माझ्या हातात आई होती. तुझ्या कागदापेक्षा ती काही हलकी ड्युटी नाही. आणि मला दिसलं.

भाऊ : रोज उठतेस, तेव्हा दिसतं का?

ताई : रोज संडासाच्या वाटेवर सादड्याचं झाड नसतं.

भाऊ : हे उत्तर नाही झालं.

ताई : नाही झालं. माझ्याकडे नाही ते. तुझ्याकडे आहे?

भाऊ : माझ्याकडे टेंट आहे. गच्चीत वाळत घातलाय तीन आठवडे. सकाळी ऊन दिसलं म्हणून उलटा करून येतो, तर दुपारी सर. आता त्याला कुबट वास यायला लागलाय. फेकून द्यावा म्हणतेय बायको.

ताई : फेकू नकोस. आणि त्या खुंट्यांची पिशवी अजून तिथेच जिन्यात पडलीय, जाता-येता सगळे ओलांडतात. जाताना वर घेऊन जा.